हिचकॉकचे रहस्यपट आणि दुसऱ्याचे पाप

आल्फ्रेड हिचकॉक हे नाव उच्चारले की आपल्याला आठवतो तो खून, पाठलाग आणि श्वास रोखून पाहिलेला शेवट. धर्मविचाराशी या माणसाचा संबंध जोडणे कित्येकांना थट्टेचे वाटेल. पण १९५७ साली पॅरिसमध्ये एरिक रोमेर आणि क्लोद शाब्रोल यांनी अगदी गंभीरपणे तो जोडला. पुढे दोघेही नामांकित दिग्दर्शक झाले. त्या वेळी मात्र ते 'काइये द्यु सिनेमा' या मासिकात टीकालेख लिहीत असत. हिचकॉकवर त्यांनी जे छोटे पुस्तक लिहिले, त्यात या रहस्यपटांच्या पोटात कॅथॉलिक श्रद्धेचे एक सूत्र आहे असे प्रतिपादन केले.

आता, हिचकॉकचे शिक्षण लंडनमधील जेझुइटांच्या शाळेत झाले हे खरेच आहे. पण तेवढ्याने चित्रपट धार्मिक ठरत नाहीत. तसे असते तर मिशनच्या शाळेत शिकलेला आपल्याकडचा प्रत्येक वकील धर्मोपदेशक झाला असता! रोमेर आणि शाब्रोल यांनी बोट ठेवले ते कथेच्या रचनेवर. एकाचा अपराध दुसऱ्याच्या माथी येतो, आणि तो दुसराही स्वतःला पुरता निर्दोष म्हणवू शकत नाही, ही गोष्ट हिचकॉक पुनःपुन्हा सांगतो.

१९५३ सालचा 'आय कन्फेस' घ्या. क्वेबेक शहरातील चर्चमधला एक नोकर पाद्र्याचा झगा घालून खून करतो आणि त्याच रात्री फादर लोगनपाशी पापनिवेदन करतो. गोव्यात याला 'कुमसार' म्हणतात. तेथे ऐकलेला शब्द पाद्र्याने प्राण गेला तरी बाहेर काढायचा नसतो. पुढे संशय लोगनवरच येतो. एक वाक्य बोलला तर तो सुटेल. पण ते वाक्य तो बोलत नाही. निरपराध्याने दुसऱ्याच्या पापासाठी मूकपणे न्यायासनासमोर उभे राहणे, हे चित्र ख्रिस्ती प्रेक्षकाला कोठून आले ते सांगावे लागत नाही. गंमत अशी की हिचकॉकने स्वतः १९६२ साली त्र्युफोला दिलेल्या मुलाखतीत हा चित्रपट काढायलाच नको होता असे म्हटले. कॅथॉलिक नसलेल्या प्रेक्षकाला पाद्र्याचे मौन निव्वळ मूर्खपणाचे वाटते, ही त्याची तक्रार.

आपल्यापुढेही अडचण आहेच. ज्याचे कर्म त्याने भोगावे, या विचारात आपण वाढलो. निरपराध माणूस पकडला गेला तर आपण प्रारब्ध म्हणतो, म्हणजे हिशेब अखेर त्याच्याच खात्यात मांडतो. एकाच्या खात्यातले देणे दुसऱ्याने फेडावे ही ख्रिस्ती कल्पना. ती ध्यानात घेतल्यावाचून 'द राँग मॅन' हा १९५६ सालचा चित्रपट निम्माच कळतो.

ही घडलेली हकीकत आहे. चित्रपटाच्या आरंभी हिचकॉक स्वतः येऊन तसे सांगतो. न्यूयॉर्कमधील एका क्लबात वाद्य वाजवणारा मॅनी बायकोच्या दातांच्या खर्चासाठी तिच्या विम्यावर कर्ज काढायला जातो. विमा कचेरीतील स्त्रियांना तो पूर्वीचा दरोडेखोर वाटतो. पोलीस त्याच्याकडून दरोडेखोराची चिठ्ठी लिहून घेतात, तर मूळ चिठ्ठीतली शुद्धलेखनाची चूक तोही करतो! खटला चालतो, तोही अर्ध्यावर रद्द होऊन नव्याने चालवायचा ठरतो. मग आई म्हणते, प्रार्थना कर. मॅनी ख्रिस्ताच्या तसबिरीकडे पाहत ओठ हलवतो. त्याच्या चेहऱ्यावर रस्त्याने चालत येणारा एक माणूस दिसू लागतो, जवळ येतो, आणि दोन्ही चेहरे क्षणभर एक होतात. तोच खरा गुन्हेगार. पुढच्याच चोरीत तो पकडला जातो.

हा चमत्कार मानावा काय? रोमेर आणि शाब्रोल यांना तेथे ईश्वरी कृपा दिसली, आणि एकावर एक आलेले ते दोन चेहरे पाहता त्यांचे म्हणणे ओढूनताणून आणलेले वाटत नाही. याच मासिकाचे एक संस्थापक आंद्रे बाझँ स्वतः कॅथॉलिक. हिचकॉकच्या थोरवीविषयी मात्र ते पुष्कळसे साशंकच राहिले. मला त्यांची शंका वेगळ्या कारणाने पटते. या कथेत दुसऱ्याचा अपराध खरोखर अंगावर घेते ती मॅनीची बायको रोझ. माझ्या दातांपायी हे झाले, मीच दोषी, असे म्हणता म्हणता तिचे भान सुटते आणि तिला मनोरुग्णालयात ठेवावे लागते. तिने कोणाचे काही चोरलेले नाही, तिच्यावर कोणाचा आरोप नाही; आणि तिला सोडवणारे न्यायालयही नाही. पोलीस कचेरीत खरा चोर समोर येतो तेव्हा मॅनी त्याला क्षमा करीत नाही. माझ्या बायकोचे तू काय केलेस, एवढेच विचारतो.

सुटका झाल्यावर तो आनंदाची बातमी घेऊन रोझकडे जातो. ती ऐकते, पण तिच्यात काही हलत नाही. बाहेर येऊन तो परिचारिकेला म्हणतो की मला चमत्काराची आशा होती. चमत्कार होतात, पण वेळ लागतो, असे ती सांगते. मग पडद्यावर अक्षरे उमटतात: दोन वर्षांनी रोझ बरी होऊन घरी गेली. ते घरी जाणे हिचकॉकने दाखवलेले नाही.