मूल कडेवर, ती कडेला

डच वसाहतीच्या काळात जावा-सुमात्रात राहणाऱ्या साहेबमंडळींना घरगुती चित्रफिती काढण्याचा भारी सोस होता. विसाव्या शतकाच्या पूर्वार्धातल्या त्या फिती आजही जपून ठेवलेल्या आहेत. बागेत दुडुदुडु धावणारं गोरं पोर, त्याची पहिली पावलं, वाढदिवस, बोटीचा धक्का. आणि दृश्यामागून दृश्यात चौकटीच्या कडेला एक बाई असते. कंबरेला बाटिकचं वस्त्र, कडेवर मूल. कॅमेरा मुलावर रोखलेला. मूल हललं की कॅमेरा हलतो, आणि मग कधी तिचा नुसता हात उरतो, कधी पदरासारख्या झोळीचं टोक.

तिला 'बाबू' म्हणत. आपल्याकडे बाबू म्हटला की कचेरीतला कारकून डोळ्यांपुढे येतो. तिथे बाबू म्हणजे साहेबाचं मूल सांभाळणारी बाई.

आग्नेय आशियातून युरोपात राबायला, नांदायला गेलेल्या बायकांवरच्या माहितीपटांचा मागोवा घ्यायचा तर सुरुवात या हातापासून करावी लागते. सांद्रा बेरेन्ड्स या डच दिग्दर्शिकेनं नेमकं तेच केलं. 'ते मला बाबू म्हणतात' या अर्थाच्या नावाचा तिचा चित्रपट २०१९ साली आला. त्यात नव्यानं चित्रित केलेलं काही नाही. शेकडो जुन्या फितींमधून बेरेन्ड्सनं कडेची बाई तेवढी शोधून काढली आणि आठवणी-मुलाखतींच्या आधारे 'आलिमा' नावाची एक नायिका रचली. आलिमा इंडोनेशियन भाषेत बोलते, मालकांच्या कुटुंबाबरोबर बोटीनं हॉलंडला जाते, थंडी पाहते, परत येते, युद्ध पाहते. जी फीत पोराच्या कौतुकासाठी काढली होती, तीच आता आयेच्या चरित्राचा पुरावा होते. आलिमा अशी कुणी एक बाई नव्हती, मग याला माहितीपट म्हणायचं का? मला विचाराल तर म्हणावं. चित्रं खरी आहेत. खोटं काही असेल तर ते काढणाऱ्याचं लक्ष.

'आया' लिहिलं आणि थबकलो. हा शब्द आपल्याला इतका घरचा वाटतो, पण तो आला पोर्तुगिजांकडून. पूर्वेकडच्या बंदरांमध्ये चालणारा 'आमा' हा शब्दही त्यांचाच. लंडनच्या हॅकनी भागात या आया-आमांसाठी एक आश्रयगृह होतं. साहेबाच्या कुटुंबाबरोबर बोटीवर मुलं सांभाळत या बायका विलायतेत पोचायच्या. त्यांत मुंबईच्या बंदरातून निघालेल्याही होत्या. तिथे पोचल्यावर काही मालक परतीच्या तिकिटाचं नावच काढत नसत. पूर्वेकडे निघालेलं दुसरं कुटुंब कामाला ठेवीपर्यंत बाईनं त्या घरात दिवस काढायचे. २०२२ साली त्या घरावर निळा स्मृतिफलक लागला.

पुढची मोठी लाट उठली ती वेगळ्याच कारणानं, समाजवादी बंधुभावाच्या नावाखाली. १९८० साली पूर्व जर्मनी आणि व्हिएतनाम यांच्यात करार झाला, आणि बर्लिनची भिंत पडली तेव्हा साठेक हजार व्हिएतनामी कंत्राटी कामगार पूर्व जर्मनीत होते. त्यांत कापडगिरण्यांमध्ये, शिवणकामाच्या कारखान्यांमध्ये राबणाऱ्या बायका पुष्कळ. वसतिगृहात माणशी पाच चौरस मीटर जागा. पगारातले बारा टक्के मायदेशाच्या उभारणीसाठी परस्पर कापले जात. आणि बाईला दिवस गेले तर तिच्यापुढे दोनच वाटा होत्या : गर्भपात किंवा घरवापसी. हा नियम सैल झाला तो १९८९ साली, म्हणजे ते राष्ट्रच वर्षभरात पुसलं जायच्या बेताला.

आंगेलिका न्गुयेन हिचा १९९१चा छोटा माहितीपट या सगळ्याच्या राखेतून उभा राहिला. तिचे वडील व्हिएतनामी, आई जर्मन; तिचं सिनेमाचं शिक्षण पूर्व जर्मनीतच बाबेल्सबर्गला झालं. शीर्षकाचा अर्थ 'बंधुदेश जळून गेला'. कारखाने बंद पडलेले, तीन हजार मार्क आणि परतीचं तिकीट हातावर ठेवून लोकांना वाटेला लावलं जातंय, आणि त्याच वर्षी हॉयर्सवेर्डा गावात परदेशी कामगारांच्या वसतिगृहावर जमाव चालून जातोय, असा तो काळ. जर्मनीत तेव्हा एकीकरणाचे सोहळे चालले होते. ज्यांचा त्या सोहळ्यात पाटच मांडला नव्हता त्यांच्याकडे न्गुयेननं कॅमेरा वळवला. चित्रपट बरीच वर्षं अडगळीत पडला आणि मग नव्या पिढीनं, म्हणजे बहुधा त्या कामगारांच्याच पोरांनी, तो पुन्हा बाहेर काढला. या मागोव्यात मला सर्वात कमी लेखला गेलेला वाटतो तो हाच. इथे पहिल्यांदा कॅमेऱ्यामागे असं कुणी होतं, जिला समोरच्या माणसाच्या चेहऱ्यात आपल्या घरातला चेहरा दिसत होता.

दरम्यान दक्षिण युरोपात फिलिपिनो बायका स्थिरावल्या होत्या. फिलिपिन्सच्या मार्कोस राजवटीनं १९७४ साली कामगार कायद्यातच परदेशी रोजगाराची तजवीज करून ठेवली. इटलीची वाट अनेकींना चर्चच्या ओळखीपाळखीतून सापडली. रोममध्ये 'फिलिपिना' आणि अथेन्समध्ये 'फिलिपिनेझा' म्हणजे चक्क घरकामाची बाई, असा अर्थ रूढ झाला. हसण्यासारखं नाही, आपणही पहारेकऱ्याला गुरखा आणि दूधवाल्याला भैया म्हणतच आलो.

या बायकांवर २००१ साली डच दूरचित्रवाणीसाठी मारिये मेअरमान हिनं 'चेन ऑफ लव्ह' हा माहितीपट केला. आर्ली हॉक्शिल्ड या समाजशास्त्रज्ञ बाईंनी तेव्हा नुकतीच एक कल्पना मांडली होती : श्रीमंत देशातली आई कामावर जाते म्हणून गरीब देशातली आई तिचं मूल सांभाळायला येते, आणि तिचं मूल गावाकडे आणखी एखाद्या गरीब बाईच्या हाती सोपवलेलं असतं. मायेची ही साखळी. त्याच वर्षी ऱ्हासेल पारेन्यास यांचं रोम आणि लॉस एंजेलिसमधल्या फिलिपिनो घरकामगारांवरचं पुस्तक आलं. मेअरमानचा चित्रपट ही साखळी कडीकडीनं दाखवतो. हुशार चित्रपट आहे, पण बायका त्यात सिद्धान्ताची उदाहरणं होऊन बसतात. मुद्दा पटला की त्यांचं काम संपलं.

उदाहरणाची माणसं व्हायला वेळ लागतो, नुसता वेळ. तो दिला डेन्मार्कच्या दोघांनी : दिग्दर्शक यानुस मेट्स आणि मानववंशशास्त्रज्ञ सिने प्लामबेक. युटलंडच्या वायव्येला त्यू नावाचा भाग आहे, उत्तर समुद्राच्या वाऱ्यात उभा. शेती, मासेमारी, आणि शिक्षणासाठी शहरात निघून गेलेल्या मुली. तिथल्या पुरुषांशी लग्न करून आलेल्या नऊशेहून अधिक थाई बायका आज या परिसरात आहेत. याची सुरुवात झाली ती थायलंडच्या ईशान्येकडच्या कोरडवाहू ईसान भागातून आलेल्या एका बाईपासून. पूर्वी तिनं पटायात देहविक्रय केला होता. आपला संसार बसला तशी ती एकेकीला बोलावू लागली. २००७च्या 'थायलंडहून त्यूला' या पहिल्या भागात ती भाचीसाठी नवरा शोधते. पर्यटक व्हिसा तीन महिन्यांचा, तेवढ्यात जमवायचं. पुढच्या वर्षीचा दुसरा भाग उलट दिशेनं थायलंडला जातो. आणि मग दहा वर्षांच्या चित्रणातून २०१८चा 'हार्टबाउंड' उभा राहतो.

डॅनिश प्रेक्षकाला यात जे टोचलं ते मराठी माणसाला फारसं टोचणार नाही. मावशीनं स्थळ आणलंय. दोघं सोफ्याच्या दोन टोकांना अवघडून बसलीत. मध्यस्थ बाई दोन्हीकडून बोलतेय. माहेरी पैसे किती पाठवायचे, हे लग्नाआधीच स्पष्ट होतंय. आपल्याकडे याला बघण्याचा कार्यक्रम म्हणतात, आणि देण्याघेण्याची बोलणी तर दिवाणखान्यातच होतात. शेतकऱ्याच्या मुलाला मुलगी मिळत नाही हेही आपल्याला कुणी समजावून सांगायला नको. प्रेम आणि व्यवहार वेगवेगळ्या कप्प्यांत असतात, असं मानणाऱ्या समाजाला हा चित्रपट धक्का देतो. आपल्याला तो नुसता ओळखीचं हसवतो, आणि मग हळूच गप्प करतो. कारण दहा वर्षांत नवरे म्हातारे होतात, आजारी पडतात. आजोळी वाढलेली मुलं मोठी होऊन डेन्मार्कला येतात, आणि जेवणाच्या टेबलावर आईशी बोलायला दोघांनाही विषय सुचत नाही. ज्या माहेरासाठी एवढा खटाटोप केला, तिथे नवं घर उभं राहतं, आणि त्यात राहायला मात्र कुणी नसतं अशी वेळ येते. हे एका आठवड्याच्या चित्रीकरणात हाती लागत नाही.

एक खुपतंच. या सगळ्या यादीत कॅमेरा धरणारे हात बहुतेक युरोपचेच. न्गुयेन अर्धी अपवाद. कोरियात जन्मलेल्या आणि फ्रान्स-बेल्जियममध्ये काम करणाऱ्या संग-आ यून हिनं २०१९च्या 'ओव्हरसीज'मध्ये निराळी युक्ती केली : ती मालकाच्या घरात गेलीच नाही. फिलिपिन्समधल्या घरकामाच्या एका प्रशिक्षण केंद्रात तिनं कॅमेरा लावला. तिथल्या बायका बहुतेक आखातात, हाँगकाँग-सिंगापूरला जायच्या. पलंगाची चादर कशी ओढायची, ताटं कुठून वाढायची, याचे धडे चालतात. मग नाटुकली होतात. एक प्रशिक्षणार्थी मालकीण होते, दुसरी मोलकरीण. मालकीण झालेली ओरडते, हुकूम सोडते, आणि हे इतकं बेमालूम करते की पाहणाऱ्याला कळतं, ही बाई एकदा जाऊन आलेली आहे.

चित्रपट उघडतो तो एका न्हाणीघरात. एक बाई संडास घासतेय. कॅमेरा हलत नाही, आणि या वेळी ती कडेला नाही, बरोबर मधोमध आहे. घासता घासता तिला रडू फुटतं. हात थांबत नाही.