समुद्रात उतरण्याआधी तिथी विचारा

मंडळी, पोस्ट जरा मोठी आहे, पण सुट्टीत कोकणात यायचा बेत असेल तर वाचाच.

१६६४ साली शिवाजी महाराजांनी मालवणच्या कुरटे बेटावर सिंधुदुर्ग बांधायला घेतला. तेव्हापासून परवापरवापर्यंत इथल्या समुद्रात उतरायचा तो समुद्र ओळखणारा माणूस. खलाशी, गाबीत, कोळी. त्यांचं घड्याळ म्हणजे तिथी. तिथीची पाऊणपट करा, साधारण तितक्या वाजता पूर्ण भरती. अष्टमीला सहा, पौर्णिमेला सव्वाअकरा. तिथून सहा तासांनी ओहोटी. अमावास्या-पौर्णिमेला उधाण, म्हणजे पाण्याची ओढही जास्त. हे शाळेत कुणी शिकवत नव्हतं, घरातच कळायचं.

मग १९९७ ला सिंधुदुर्ग पर्यटन जिल्हा झाला, १९९८ ला कोकण रेल्वे पूर्ण सुरू झाली. चांगलंच झालं. तारकर्ली-देवबागात घराघरात चार पैसे आले, स्कूबा आलं, बनाना राइड आली. पण बदल एक झाला: आता पाण्यात उतरतो तो समुद्र पहिल्यांदाच बघणारा. माणसं आली, तिथीचं गणित मात्र त्यांच्यापर्यंत कुणी पोचवलं नाही.

पुढचा इतिहास आम्हा बातमीदारांनी लिहिला. १ फेब्रुवारी २०१६, मुरूड: पुण्याचे १४ विद्यार्थी. एप्रिल २०१७, वायरी: बेळगावचे ८. मे २०२२, तारकर्लीला स्कूबाची बोट उलटली: दोन पर्यटक. दर वेळी तेच. आधी हळहळ, मग बैठक, मग फलक. खाऱ्या वाऱ्यात फलक किती दिवस टिकतो, ते आपण बघतोच.

गोव्यात २००८ पासून किनाऱ्यांवर पगारी, शिकवलेले जीवरक्षक आहेत. लाल-पिवळ्या झेंड्यांमध्ये पोहायचं, लाल झेंडा दिसला की पाण्यात जायचं नाही. साधा नियम, पण तो सांगायला समोर माणूस उभा असतो. फलक शिट्टी मारत नाही.

येणाऱ्यांनी एवढं लक्षात ठेवा. दोन्हीकडे लाटा फुटतायत आणि मधेच एक पट्टा शांत दिसतोय, तिथं जाऊ नका. लाटांनी आणलेलं पाणी बहुतेकदा त्याच वाटेनं परत आत जातं. ओढीत सापडलात तर किनाऱ्याकडे झटू नका, दम संपतो. किनाऱ्याला समांतर पोहा, ओढीतून बाहेर पडा, मग वळा. पोहता येत नसेल तर तरंगत राहा, हात वर करा. बोटीत लाइफ जॅकेट बसायच्या आधी, बक्कल लावून. दारू प्यायला असाल तर पाण्यात नाहीच.

आणि गावकऱ्यांनो, येत्या ग्रामसभेत एकच विषय मांडा: गर्दीच्या प्रत्येक किनाऱ्यावर, सकाळपासून अंधार पडेपर्यंत, गावातलाच शिकवलेला जीवरक्षक, आणि त्याला बारा महिने पगार. समुद्र ओळखणारी पोरं अजून आपल्याकडे आहेत. नोकरीसाठी ती मुंबईला गेली, की मग कुणाला विचारणार आहोत?