तानाजी आणि अकिलीस

धुळें-जळगांवकडच्या माणसानें इतिहासावर बोलावयाचें म्हणजे त्याच्या पाठीशीं राजवाड्यांची करडी नजर असते. इतिहासाचार्य वि. का. राजवाडे यांनीं ३१ डिसेंबर १९२६ रोजीं धुळ्यास देह ठेवला, आणि त्यांच्या नांवाचें संशोधन मंडळ त्याच गांवीं उभें राहिलें. १८९८ सालीं ‘मराठ्यांच्या इतिहासाचीं साधनें’ या मालेचा पहिला खंड निघाला, तेव्हांपासून त्यांचा आग्रह अस्सल समकालीन पत्रांचा; बखरींवर त्यांचा भरंवसा थोडा. अशा पुरुषाच्या मुलुखांतून आज मी पोवाड्याविषयीं बोलणार आहें, आणि तेंही ग्रीक कवि होमर याला शेजारीं बसवून. परंतु माझा प्रश्न ‘काय घडलें’ हा नाहीं. समाजाला आपला वीर कसा असावासा वाटत होता, हा आहे. आणि या प्रश्नापुरता गाण्याइतका अस्सल कागद दुसरा नाहीं.

होमराचें ‘इलियड’ हें काव्य सुमारें पंधरा हजार सातशें ओळींचें. ट्रॉयचा वेढा दहा वर्षें चालला असें सांगतात. पण कवि त्यांतील शेवटच्या वर्षाचे पन्नासेक दिवसच उचलतो, आणि आरंभ करतो तो युद्धानें नव्हे, एका माणसाच्या रागानें. सेनापति अगमेम्नॉन यानें अकिलीसच्या वांट्याला आलेली बंदिवान स्त्री ब्रायसीस हिरावून घेतली. आपणांस वाटेल, एवढ्यासाठीं स्वपक्षाचीं माणसें मरूं द्यावयाचीं? परंतु त्या समाजांत लुटीचा वांटा हें केवळ धन नव्हतें; तें चारचौघांत दिसणारें मानाचें माप होतें. वांटा गेला म्हणजे अब्रू गेली. सार्पेडन नांवाचा लिशियाचा राजा आपल्या सोबत्याला, ग्लॉकसला, हा हिशेब उघड करून सांगतो: आपणांस पंक्तींत मानाची जागा आणि नदीकांठची उत्तम जमीन मिळते, ती आपण आघाडीला उभे राहतों म्हणून. आमच्या जुन्या देशमुख-पाटलांना हें बोलणें सहज उमगलें असतें.

या मानाच्या पलीकडे आणखी एक वस्तु आहे. तिला ग्रीक भाषेंत ‘क्लेऑस’ म्हणतात. हा शब्द आणि वेदांतील ‘श्रवस्’ हे सख्खे भाऊ होत. दोहोंच्या मुळाशीं ऐकणें हा धातु आहे. कीर्ति म्हणजे जें लोकांच्या कानीं पडतें तें. ‘अक्षय कीर्ति’ हा जोडशब्दही दोन्हीं भाषांत एकाच घडणीचा आढळतो, हें जर्मन पंडित कून यांनीं १८५३ मध्यें दाखविलें. अकिलीसपुढें निवड स्पष्ट आहे: घरीं परतून दीर्घायुष्य, किंवा येथें मरून अक्षय कीर्ति.

आतां आपल्याकडे वळूं. तुळशीदास शाहिराचा तानाजी मालुसऱ्याचा पोवाडा आपल्यापैकीं बहुतेकांनीं लहानपणीं ऐकला असेल. मुंबईचे म्युनिसिपल कमिशनर अॅक्वर्थ आणि शंकर तुकाराम शाळिग्राम यांनीं १८९१ मध्यें ऐतिहासिक पोवाड्यांचा संग्रह छापला. १८९४ मध्यें अॅक्वर्थसाहेबांनीं त्यांतील कांहींचें इंग्रजी पद्यांतर केलें. शहराचीं गटारें आणि पाणीपट्टी पाहणारा हा अंमलदार संध्याकाळीं पोवाडे लावीत बसे, याचें मला नेहमीं कौतुक वाटतें.

४ फेब्रुवारी १६७० च्या रात्रीं कोंढाणा सर झाला, तानाजी पडला, एवढें इतिहासाचें. सभासदाची बखर १६९७ च्या सुमारास जिंजीस लिहिली गेली. तिच्यांत तानाजी आपण होऊन कामगिरी अंगावर घेतो, निवडक मावळे वानरांसारखे कडा चढतात, ढाल तुटते, आणि तानाजी व उदेभान एकमेकांच्या हातून पडतात. शाहीर काय करतो पाहा. तो जिजाबाईला महाराजांबरोबर सोंगट्या खेळावयास बसवितो, तानाजीच्या घरीं रायबाच्या लग्नाची तयारी मांडतो, ऐंशी वर्षांचा शेलारमामा आणतो, आणि यशवंती घोरपड कड्यावर सोडतो. ‘सिंहगड’ हें नांवही तानाजी पडल्यावर मिळालें अशी लोकांची समजूत. पण तें १६७० पूर्वींच्या पत्रांत आढळतें. राजवाड्यांच्या तराजूंत ही भर हलकीच ठरेल. परंतु समाजाचें मन नेमकें या भरींतच सांपडतें.

घोरपडीचेंच घ्या. ती अर्ध्या कड्यावरून परत फिरते. हा अपशकुनच. तानाजी तिला मारण्याचा धाक घालून पुन्हां वर चढवितो. इलियडच्या एकोणिसाव्या सर्गांत अकिलीसचा घोडा मनुष्यवाणीनें त्याला सांगतो कीं, तुझें मरण जवळ आलें. अकिलीस म्हणतो, तें मला ठाऊक आहे. आणि रथ पुढें घालतो. हेक्टरालाही गरुड आणि सर्प यांचा शकुन दाखवून मागें फिरण्याचा सल्ला मिळतो. स्वदेशासाठीं लढणें हाच एक उत्तम शकुन, असें तो बजावतो. एकमेकांचें नांवही न ऐकलेल्या कवींनीं मुका प्राणी पुढें करून एकच गोष्ट दाखविली आहे: वीराला मरण कळत नाहीं असें नव्हे, कळूनही तो जातो.

पण येथेंच वाटा फुटतात. अकिलीस लढतो तो स्वतःच्या मानासाठीं, आणि पुढें पॅट्रोक्लस या मित्राच्या सुडासाठीं. स्वामीसाठीं तो बोट उचलीत नाहीं. तानाजीचें सारें मोल स्वामिकार्यांत आहे. घरचें लग्न मांडवांत राहतें. जिजाबाई त्याला ओवाळते आणि ओवाळणींत गड मागते. तो तिला मुलाच्या ठिकाणीं होतो. अगमेम्नॉन वांटा हिरावतो, येथें माउली ओवाळणी मागते. राजा आणि वीर यांच्यामधला व्यवहार शाहिरानें घरच्या नात्यांत नेऊन बसविला, ही मला पोवाड्याची सर्वांत मोठी करामत वाटते. शेवटीं महाराज रायबाचें लग्न लावून देतात. हेक्टराच्या मुलाच्या नशिबीं असा पालक नव्हता. ट्रॉय पडल्यावर त्या बाळाला तटावरून लोटून दिलें, असें नंतरचे कवि सांगतात.

शेलारमामासमोर ग्रीक सैन्यांतील वृद्ध नेस्टर आठवतो. नेस्टर उपदेश लांबलचक करतो. मामा तलवार उपसून उदेभानाला लोळवितात. माझी पसंती कोणाला, हें सांगावयास नको.

होमराच्या पारड्यांत मात्र एक जड वस्तु आहे, आणि ती प्रामाणिकपणें मान्य केली पाहिजे. त्यानें शत्रूलाही घर दिलें. हेक्टर तटावर बायकोचा निरोप घेतो, शिरस्त्राणाचा तुरा पाहून मूल भिऊन रडतें, तेव्हां तो हंसून शिरस्त्राण जमिनीवर ठेवतो. काव्याच्या अखेरीस म्हातारा प्रायम पुत्राचें प्रेत मागण्यास शत्रूच्या तंबूंत जातो आणि ज्या हातांनीं पुत्र मारला त्यांचेंच चुंबन घेतो. मग दोघेही रडतात. आमच्या पोवाड्यांत उदेभान हत्ती आणि बारा मुलगे यांच्यासह केवळ अडथळा म्हणून उभा आहे. त्याच्यामागें कोणी रडणारें असेल, याची शाहिराला आठवण नाहीं. याचें कारणही उघड आहे. होमर ख्रिस्तपूर्व आठव्या शतकाच्या सुमाराचा, आणि ट्रॉयचें युद्ध परंपरेनें त्याच्या चारशें वर्षें आधींचें. तुळशीदासाला परंपरा शिवकालीन मानते. ज्यांच्या जखमा ओल्या होत्या अशांपुढें तो गात होता. शत्रूसाठीं आसवें गाळण्याची उसंत त्यांना कोठून असणार?

गाण्याचा धनी कोण, हाही प्रश्न आहेच. अफझलखानाच्या वधाचा अज्ञानदासाचा पोवाडा जिजाबाईच्या सांगण्यावरून रचला गेला, असें मानतात. ‘ओडिसी’ काव्यांत ओडिसियस परक्या राजाच्या दरबारीं आंधळ्या गायकाला आपल्या पानांतला मानाचा मांसखंड पाठवितो, ट्रॉयचें गाणें गावयास सांगतो, आणि स्वतःचीच कथा ऐकून रडतो. मिल्मन पॅरी या अमेरिकन विद्वानानें १९३३ ते १९३५ या काळांत युगोस्लाव्हियांतील निरक्षर गायकांचीं गाणीं टिपून घेतलीं. ठराविक पदबंधांच्या आधारानें हजारों ओळींची रचना गातां गातांच होते, हें त्यानें दाखवून दिलें. डफ-तुणतुण्याच्या तालावर उभ्या उभ्या कवन जुळविणारा शाहीर ज्यानें पाहिला आहे, त्याला याचें फारसें नवल वाटणार नाहीं.

आणि ज्याला गायक लाभत नाहीं त्याचें काय होतें? अगमेम्नॉनपूर्वींही शूर होऊन गेले, पण कवि नसल्यानें ते अंधारांत राहिले, अशी खंत रोमन कवि होरेस यानें केली आहे. आमच्या तापीकांठीं शिरपूर तालुक्यांत थाळनेरचा किल्ला आहे. २१ डिसेंबर १८१७ रोजीं महिदपूरला होळकरांचा पराभव झाला, आणि पुढच्या जानेवारींत मंदसोरच्या तहानें खानदेश इंग्रजांकडे गेला. किल्लेदार तुळशीराम यानें मात्र थाळनेर सोडलें नाहीं. २७ फेब्रुवारी १८१८ रोजीं सर थॉमस हिस्लॉप याच्या फौजेनें तोफा लावल्या. दरवाज्यापाशीं शरणागतीचें बोलणें चालू असतां गोंधळ उडाला, दोन इंग्रज अंमलदार पडले, आणि मग शिबंदी कापून काढण्यांत आली. त्याच दिवशीं हिस्लॉपनें तुळशीरामाला फांशीं दिलें. विलायतेच्या पार्लमेंटांतही या फांशीबद्दल प्रश्न निघाले. तुळशीरामाची बाजू जी कांहीं आज कळते, ती मुख्यतः त्याला मारणाऱ्यांच्या कागदांवरून.