वेदना, मोहिनी आणि मायबोली



आजच्या विषयाचे नाव नवे आहे : डिजिटल संमोहन. मोबाइलमधून किंवा डोळ्यांवर चढवलेल्या यंत्रातून एक आवाज येतो, तो माणसाचे चित्त हळूहळू एका जागी आणतो आणि जुनाट दुखण्याची धार बोथट करू पाहतो. नाव नवे असले तरी गोष्ट जुनी आहे, आणि तिचा एक मोठा अध्याय आपल्याच देशात, एका तुरुंगाच्या इस्पितळात घडला आहे. प्रथम तिकडे जाऊ.

साल 1845. आपला वर्धा जिल्हा तेव्हा जन्मलेला नव्हता. तो 1862 साली नागपुरातून वेगळा निघाला. हा सारा मुलूख भोसल्यांचा होता. बंगाल्यात मात्र कंपनीचे राज्य पक्के झाले होते आणि हुगळीस जेम्स एस्डेल नावाचा स्कॉटिश डॉक्टर नोकरीस होता. 4 एप्रिल रोजी त्याच्यापुढे माधव कौरा नावाचा कैदी आला. धंदा डुकरे विकण्याचा, पायांत बेड्या, शिक्षा रस्त्याच्या मजुरीची. त्याला अंडवृद्धीचा विकार होता. उपचार केला तेव्हा तो वेदनेने तळमळू लागला. क्लोरोफॉर्म अजून शस्त्रक्रियेत आला नव्हता. ईथरचा जाहीर प्रयोग व्हायला दीड वर्ष अवकाश होता. एस्डेलने मेस्मेरिझमविषयी केवळ वाचले होते. प्रयोग डोळ्यांनी कधी पाहिलासुद्धा नव्हता. तरी तो बसला आणि रोग्याच्या अंगावरून हात फिरवीत राहिला. बऱ्याच वेळाने कैद्यास अशी गुंगी आली की टोचले, चटका दिला, तरी त्याला कळेना.

पुढे एस्डेलने ह्या रीतीने शेकड्यांनी मोठ्या शस्त्रक्रिया केल्या. त्यांतल्या पुष्कळ हत्तीरोगाने वाढलेल्या गाठींच्या होत्या. हत्तीरोग काय हे वर्धेकरांस समजावून सांगावे लागत नाही. आपल्याकडे हत्तीपाय झालेला माणूस पाहिला नाही असे जुने गाव विरळा, आणि त्या रोगाच्या निदानावर सेवाग्रामच्या वैद्यकीय संस्थेत पुष्कळ संशोधन झाले आहे. अशा रोग्यांना त्या काळी गाठीच्या भारापेक्षा सुरीचे भय अधिक असे.

मौज अशी की, हे तासन्‌तास हात फिरवण्याचे काम पुढेपुढे एस्डेल स्वतः करीत नसे. इस्पितळातले हिंदू-मुसलमान कंपाउंडर आणि ड्रेसर त्याने ह्या कामी तयार केले. अंधाऱ्या खोलीत रोग्याशेजारी ते बसून राहत. ग्रंथ साहेबाच्या नावावर निघाला. हात ह्यांचे होते. ह्या मंडळींची नावे आज क्वचितच कोणी घेते.

कलकत्त्याच्या वैद्यकमंडळींना मात्र हे रुचले नाही. 1846 साली सरकारने चौकशीसाठी समिती नेमली. शस्त्रक्रियेच्या वेळी काही रोग्यांचे अंग आचके देई. नंतर ते सांगत की काहीच कळले नाही. मग खरे कोणते मानायचे, अंग की जबानी? टीकाकारांनी सोपी वाट धरली : हे रोगी सोंग करतात, साहेबाला खूश करण्यासाठी बोलतात. मला ह्या इतिहासातली सर्वांत बोचणारी गोष्ट हीच वाटते. गरिबाने ‘दुखते’ म्हटले तर तो कामचुकार, ‘दुखत नाही’ म्हटले तर तो लबाड! वेदनेचा अभ्यास करणाऱ्या आंतरराष्ट्रीय संघटनेने 2020 साली आपली व्याख्या सुधारताना मुद्दाम लिहिले की, माणूस आपल्या वेदनेविषयी जे सांगतो त्याचा मान राखला पाहिजे. हुगळीनंतर पावणेदोनशे वर्षांनी!

असो. 1847 साली क्लोरोफॉर्म आला. जे काम हातांना तासन्‌तास लागे ते रुमालावरच्या काही थेंबांनी मिनिटांत होऊ लागले. 1851 साली एस्डेल मायदेशी गेला आणि ही विद्या मागे पडली. क्लोरोफॉर्मचा विजय न्याय्यच होता; तो जवळजवळ प्रत्येकावर चालतो, मोहिनी चालत नाही.

पण दरम्यान इंग्लंडात मँचेस्टरचा डॉक्टर जेम्स ब्रेड ह्याने 1843 साली एक वेगळा विचार मांडला होता. हातातून कसला अदृश्य प्रवाह वगैरे वाहत नाही. जे घडते ते रोग्याचे लक्ष एकाग्र झाल्याने घडते, असे त्याचे म्हणणे. पुढे फ्रान्समध्ये नान्सीच्या बर्नहाइमने सूचनेला, म्हणजे शब्दाला, मुख्य स्थान दिले. येथे ही विद्या हातावरून जिभेवर आली. हाताला भाषा लागत नव्हती. शब्दाला लागते. माझे आजचे सांगणे एवढ्याच मुद्द्याभोवती आहे.

शब्दाने खरोखर वेदना कमी होते काय? 1955 साली ब्रिटिश वैद्यक संघटनेने वेदनेवरील उपचारात संमोहनाला जागा असल्याचे मान्य केले. 1997 साली रेनव्हिल आणि त्याच्या सहकाऱ्यांनी मेंदूची चित्रे घेऊन दाखवले की, ‘हा चटका तितकासा त्रासदायक नाही’ अशी सूचना दिली असता त्रासाशी संबंधित भागातली हालचाल बदलते, मग चटका तोच का असेना. 2019 साली 85 प्रयोगांचा एकत्र हिशेब झाला : ज्यांच्यावर संमोहन चांगले चालते त्यांची वेदना सरासरी शेकडा 42, मध्यम चालते त्यांची 29 कमी झाली. ह्या प्रयोगशाळेत मुद्दाम दिलेल्या वेदना होत्या, हे ध्यानात ठेवावे. वीस वर्षांची कंबरदुखी निराळी. आणि काही माणसांवर संमोहन फारसे चालतच नाही.

आता यंत्राकडे वळू. नोव्हेंबर 2021 मध्ये अमेरिकेच्या औषध प्रशासनाने कंबरेच्या जुनाट दुखण्यासाठी डोळ्यांवर लावायच्या एका यंत्राला परवानगी दिली. आठ आठवड्यांचा क्रम : श्वास, विश्रांती, लक्ष दुसरीकडे वळवणे. ह्याला संमोहनाची सख्खी नव्हे, चुलत बहीण म्हणावे. परीक्षणात 179 माणसे होती. ज्यांच्या वेदनेत तीस टक्क्यांहून अधिक उतार पडला असे लोक ह्या गटात शेकडा 66, तर तुलनेच्या गटात 41. ह्या 41 कडेही नीट पाहा. नुसते कोणी आपली दखल घेतली, काही उपाय हाती दिला, एवढ्यानेही दुखणे किती हलते ते त्यात आहे.

ह्या यंत्रांची आणि मोबाइलवरच्या तशाच आवाजांची बरीचशी वाढ इंग्रजीत झाली. ‘तुम्ही समुद्रकिनारी पहुडला आहात’ अशा धर्तीची वाक्ये त्यांत नेहमीची. आपल्या जिल्ह्यात समुद्रपूर आहे, समुद्र नाही. दिवसभर वाकून कापूस वेचणारी, ओटीत वीस किलो घेऊन बांधावर येणारी बाई घरी येऊन म्हणते, ‘माही कंबर लई दुखते.’ तिला कोणी ‘आपले स्नायू शिथिल करा’ असे छापील मराठीत सांगितले, तर तिचे अंग आणखीच ताठ होईल! तिला पवनारच्या धाम नदीचे पाणी, निंबाची सावली, वेचणी संपल्यावर पाठीला पाठ लावून बसलेल्या सोबतिणी, अशाच गोष्टींनी थंडावा मिळणार. यंत्राने तिच्याशी तिच्या बोलीत बोलले पाहिजे, आणि ते बोलणे लिहायला डॉक्टराशेजारी तिलाच बसवले पाहिजे.

एक सावधगिरीही सांगतो, आणि ती दत्तपूरच्या कुष्ठधामाने शिकवलेली आहे. मनोहर दिवाणांनी ती संस्था 1936 साली उभी केली. तेथील रोग्यांचे एक मोठे दुःख वेदना होण्याचे नव्हते, न होण्याचे होते. बोट भाजले तरी कळत नाही. मग जखम चिघळते, बोट झडते. वेदना हा घरचा राखणदार आहे. तेव्हा नवे दुखणे असेल, छातीत कळ असेल, पाय लुळा पडत असेल, तर आधी डॉक्टर. तेथे मोबाइलमधला मंजुळ आवाज घातक ठरेल. तपासून झाले, कारण कळले, इलाज झाला आणि तरीही राखणदार रात्रभर भुंकतच राहिला, तर मग त्याला चुचकारण्याची ही विद्या.

ह्याच आपल्या सेवाग्रामात गांधीजी कुष्ठरोगी परचुरे शास्त्रींना स्वतः मालिश करीत. त्याने रोग बरा होत नव्हता, हे दोघांनाही ठाऊक होते. यंत्राला हात नाहीत. सरकारी दवाखान्यात ते येईल तेव्हा त्याच्याबरोबर, निदान पहिले काही दिवस, शेजारी बसून ‘आज कसे वाटते?’ एवढे विचारणारी परिचारिका किंवा आशाताई असावी, आणि तिच्या त्या वेळेचे पैसे तिला मिळावेत. हुगळीच्या कंपाउंडरांप्रमाणे ती बिननावाची राहू नये.