ताणाचं आजोळ

1935 साली माँट्रियलच्या मॅकगिल विद्यापीठात 28 वर्षांचा एक डॉक्टर गायींच्या बीजांडकोशांचा अर्क काढून तो मादी उंदरांना टोचत होता. नाव हान्स सेल्ये. जन्म व्हिएन्नाचा, शिक्षण प्रागचं. त्याला शोधायचं होतं स्त्रीशरीरातलं एखादं नवं लैंगिक संप्रेरक. ते काही सापडलं नाही. त्याऐवजी जे हाती लागलं, ते आज ऑफिसातल्या माणसापासून दहावीच्या पोरापर्यंत सगळ्यांच्या तोंडी आहे: स्ट्रेस.

तो काळच लैंगिक संप्रेरकांच्या वेडाचा होता. त्याची सुरुवात तशी जुनी. 1849 मध्ये जर्मनीतल्या ग्योटिंगेनला आर्नोल्ड बेर्थोल्डने खच्ची केलेल्या कोंबड्यांच्या पोटात वृषण पुन्हा बसवून दाखवलं होतं, की तुरा, आरवणं आणि भांडखोरपणा सगळं परत येतं. 1929 नंतर मात्र शर्यतच लागली. आडोल्फ बुटेनांटने पोलिसांचं 15,000 लिटर मूत्र आटवून 15 मिलिग्रॅम पुरुषी संप्रेरक काढलं. 1935 मध्ये ॲम्स्टरडॅमच्या गटाने सुमारे 100 किलो वळूंच्या वृषणांतून 10 मिलिग्रॅम टेस्टोस्टेरॉन मिळवलं. सेल्ये ज्यांच्या हाताखाली होता ते जेम्स कॉलिप तर इन्शुलिन शुद्ध करणाऱ्यांपैकी एक. अशा घरात राहून आपल्या नावावर एक तरी हॉर्मोन असावं, असं तरुण माणसाला वाटणारच.

आणि पहिल्याच, अगदी गढूळ अर्काने काम केलं. उंदीर उघडून पाहिल्यावर तीन गोष्टी एकत्र दिसल्या. मूत्रपिंडांच्या डोक्यावर बसलेल्या, मसुराच्या दाण्याएवढ्या ॲड्रीनल ग्रंथी फुगलेल्या. त्यांचा नेहमीचा पिवळसरपणा जाऊन त्या तपकिरी पडलेल्या. छातीतली थायमस ग्रंथी, पानथरी आणि लसिका ग्रंथी आक्रसलेल्या. जठराच्या आणि लहान आतड्याच्या सुरुवातीच्या अस्तरावर रक्ताळलेले व्रण. माहितीतलं कुठलंच बीजांडकोशी संप्रेरक हे करत नव्हतं. म्हणजे हे नवीनच असणार!

खातरजमेसाठी त्याने वारेचा अर्क टोचला. तेच तीन बदल. पिट्युटरीचा अर्क, तेच. इथवर ठीक होतं, ही सगळी संप्रेरकांचीच घरं. पण मूत्रपिंडाच्या आणि पानथरीच्या अर्कानेही तेच झालं, तेव्हा त्याला शंका आली. फळीवर फॉर्मेलिनची बाटली होती, ऊती टिकवून ठेवण्यासाठी वापरतात ती. तिच्यातलं थोडं विरल करून त्याने टोचलं, आणि बदल सगळ्यांत जोरदार दिसले. हॉर्मोनचा निकाल लागला. उंदरांच्या शरीरात दिसत होता तो कुठल्या हॉर्मोनचा गुण नव्हता, तो नुसत्या घाणीचा त्रास होता.

खचल्यावर त्याला आठवले प्रागचे विद्यार्थिदशेतले दिवस. प्राध्यापक एकामागून एक रुग्ण दाखवत आणि प्रत्येक रोगाची खास लक्षणं समजावत. सेल्येला मात्र प्रश्न पडे, की या सगळ्यांत जे सारखंच आहे, म्हणजे भूक मेलेली, अंग मोडून आलेलं, वजन उतरलेलं, त्याबद्दल कुणी का बोलत नाही? हा जुना प्रश्न आणि हे उंदीर त्याने एकत्र ठेवले. मग उंदरांना माँट्रियलच्या थंडीत गच्चीवर ठेवलं, फिरत्या पिंपात दमेपर्यंत पळवलं, शस्त्रक्रियेची इजा केली, ॲड्रीनलिन, ॲट्रोपिन, मॉर्फिन टोचलं. कारणं दहा, शरीराचं उत्तर एक.

या गोष्टीचं एक चविष्ट रूप अमेरिकी शास्त्रज्ञ रॉबर्ट सापोल्स्की सांगतात: सेल्येचा हात इतका धांदरट, की उंदीर निसटायचे, खोलीभर पाठलाग व्हायचा, आणि नुसतं मिठाचं पाणी टोचलेल्या उंदरांनाही व्रण पडायचे. ऐकायला मजा येते. पण सेल्येने स्वतः सांगितलेल्या हकिकतीत डोळे उघडणारी वस्तू फॉर्मेलिनच आहे, आणि मला तीच जास्त पटते. नव्या हॉर्मोनच्या आशेवर पाणी फिरवायला पळापळीपेक्षा एक बाटली पुरते. वरिष्ठांनी त्याला हा नाद सोडायला सांगितलं. घाणीचं औषधशास्त्र करत आयुष्य घालवणार का, असं एकाने सुनावलं. पाठीशी उभे राहिले फ्रेडरिक बँटिंग, इन्शुलिनचेच. त्यांनी 500 डॉलर मिळवून दिले.

4 जुलै 1936 च्या ‘नेचर’मध्ये हे सगळं एका छोट्या पत्रात आलं. पत्रात स्ट्रेस हा शब्द नाही. आहेत ते ‘निरनिराळे अपायकारक घटक’. शरीराच्या प्रतिसादाचे तीन टप्पे त्यात आहेत. पहिल्या 6 ते 48 तासांत धोक्याची घंटा, मग सवय होऊन अवयव जवळजवळ पूर्ववत, आणि मारा चालूच राहिला तर एक ते तीन महिन्यांत प्रतिकार संपून मृत्यू. हे तीन टप्पे पाठ्यपुस्तकांतून गाजले. मला मात्र त्या पत्रातली मधलीच एक नोंद जास्त मोलाची वाटते. दुसऱ्या टप्प्यात वाढ थांबते, जननग्रंथी आक्रसतात, दूध पाजणाऱ्या मादीचं दूध आटतं. सेल्येचा तर्क असा: पिट्युटरी वाढीची, प्रजननाची आणि दुधाची संप्रेरकं बनवणं थांबवते आणि ॲड्रीनल व थायरॉइडला चेतवणारी संप्रेरकं जास्त बनवते, कारण अडचणीच्या वेळी गरज त्यांची असते. घरात आजारपण आलं की लग्नकार्य पुढे ढकलतात, तसा हा व्यवहार. म्हणजे ताणाच्या जन्मपत्रिकेतच लैंगिक संप्रेरकांचा उल्लेख आहे.

पुढे त्याने उंदरांच्या ॲड्रीनल काढून टाकल्या. मग इजा करूनही थायमस आक्रसेना. म्हणजे निरोप ॲड्रीनलमधूनच जात होता. हा निरोप नेणारं रसायन माणसात मुख्यतः कॉर्टिसॉल, उंदरात कॉर्टिकोस्टेरॉन. त्याची वरची साखळी जुळायला 1981 उजाडलं. त्या वर्षी वायली व्हेल यांच्या गटाने मेंदूतल्या हायपोथॅलॅमसमधलं सीआरएच हे संप्रेरक ओळखलं, आणि हेच सीआरएच उंदराच्या मेंदूत प्रजननाची साखळीही दाबतं, हे लवकरच दिसलं. सेल्येचा तर्क जवळपास पन्नास वर्षांनी मार्गी लागला.

दरम्यान सेल्ये प्रसिद्ध झाला, 1950 मध्ये त्याचा ‘स्ट्रेस’ नावाचा जाडजूड ग्रंथ आला, आणि शब्द जगभर गेला. या प्रसिद्धीची एक बाजू बरी नाही. तंबाखू कंपन्यांनी त्याच्या संशोधनाला पैसे दिले, आणि 1969 मध्ये कॅनडाच्या संसदीय समितीपुढे त्याची साक्ष त्यांच्या सोयीची झाली. रोगाला सिगारेटपेक्षा ताण जबाबदार, हे त्यांना हवंच होतं.

लैंगिक संप्रेरकांच्या आजोळची एक भेट मात्र त्याने जाता जाता दिली, आणि ती फार उशिरा उघडली गेली. 1941 मध्ये त्याने दाखवलं, की प्रोजेस्टेरॉनचा मोठा डोस दिला की उंदीर गाढ झोपतो. बीजांडकोशाचं संप्रेरक मेंदूवर भुलीसारखं चालतं, हे तेव्हा विचित्र वाटलं. पण त्याच धाग्यावर, प्रोजेस्टेरॉनपासून शरीरात बनणाऱ्या ॲलोप्रेग्ननोलोनवर बेतलेलं ब्रेक्सानोलोन हे औषध 2019 मध्ये अमेरिकेत बाळंतपणानंतरच्या नैराश्यासाठी मंजूर झालं.

पण मूळ प्रयोग मादी उंदरांवर झाला होता, ही गोष्ट ताणशास्त्र पुढे विसरूनच गेलं. मादी उंदराचं ऋतुचक्र चार-पाच दिवसांचं. रोज संप्रेरकं बदलणार, आकडे इकडेतिकडे होणार, त्यापेक्षा नर बरे, असा हिशेब रूढ झाला. 2009 च्या शोधनिबंधांची पाहणी झाली तेव्हा मेंदूविज्ञानात फक्त नरांवरचे साडेपाच अभ्यास, तर फक्त माद्यांवरचा एक, असं प्रमाण निघालं. आणि तो हिशेबही कच्चाच होता: 2014 मध्ये 293 शोधनिबंध तपासल्यावर दिसलं, की माद्यांची मापं नरांपेक्षा जास्त हेलकावत नाहीत.

माद्या वगळल्यामुळे काय निसटलं, ते कोंडण्याच्या प्रयोगावरून कळतं. उंदराला अरुंद जाळीच्या नळीत घालतात, श्वास घेता येतो पण वळता येत नाही. रोज 6 तास, 21 दिवस. न्यूयॉर्कला ब्रूस मॅक्‌इवेन यांच्या प्रयोगशाळेत असं केल्यावर नरांच्या मेंदूतल्या हिपोकॅम्पस या स्मृतीशी निगडित भागातल्या चेतापेशींच्या फांद्या खुंटल्या. माद्यांवर हाच प्रयोग झाला तेव्हा त्या फांद्यांना तितका धक्का बसला नाही. म्हणजे माद्या कणखर? तसंही नाही. कोंडल्यावर मादीचं कॉर्टिकोस्टेरॉन नरापेक्षा जास्त चढतं. नराचे वृषण काढले की त्याचंही चढतं, आणि टेस्टोस्टेरॉन परत दिलं की पुन्हा खाली येतं. शास्त्रज्ञ ट्रेसी शोर्स यांनी तर वेगळीच गाठ सोडवली: थोड्या वेळाच्या तीव्र ताणानंतर नर उंदीर पापणी मिटण्याचा एक साधा धडा जास्त चटकन शिकतो, मादी मागे पडते. इस्ट्रोजेन चढतं असताना मादीच्या हिपोकॅम्पसमध्ये चेतापेशींवर जे बारीक काटे दाट उगवतात, ते ताणाने विरळ होतात. नराचे उलट दाट होतात.

नर म्हणजे तरी सगळे एक कुठे? सापोल्स्की यांनी केनियात बॅबून माकडांना भुलीची सुई मारून रक्त तपासलं. पकडल्याच्या ताणाने खालच्या दर्जाच्या नरांचं टेस्टोस्टेरॉन लगेच घसरलं. कळपातल्या वरच्या नरांचं पहिल्या तासात चढलं. 1936 च्या पत्रातलं ‘जननग्रंथी आक्रसतात’ हे वाक्य खरं आहे, पण कुणाच्या, कधी आणि किती वेळ, हे त्यात नव्हतं.

अमेरिकेच्या राष्ट्रीय आरोग्य संस्थेने 2016 पासून निधी मागणाऱ्यांना नर-मादी दोन्हींचा विचार करणं बंधनकारक केलं. त्याच्या दोन वर्षं आधी मॅकगिलमध्येच जेफ्री मोगिल यांच्या गटाला आणखी एक नर सापडला, ज्याची नोंद कुणी घेतच नव्हतं. खोलीत पुरुष प्रयोगकर्ता असला की उंदरांना वेदना कमी झाल्यासारखी दिसे. बाईने प्रयोग केला तर तसं होत नसे. पुरुषाने रात्री घातलेला टी-शर्ट नुसता जवळ ठेवला तरी तोच परिणाम. वास लागताच कॉर्टिकोस्टेरॉन चढत होतं, नळीत 15 मिनिटं कोंडल्याइतकं, आणि तो ताणच वेदना दाबत होता. अनोळखी नर प्राण्यांच्या अंथरुणाचा वासही तेच करी. पुरुष बसून राहिला तर परिणाम हळूहळू उतरतो, म्हणून त्यांची सूचना साधी होती: प्रयोगाआधी थोडा वेळ खोलीत थांबा, आणि उंदीर कुणी हाताळले, बाईने की पुरुषाने, हे निबंधाच्या कार्यपद्धतीत लिहा.