रसायनशाळेची साक्ष

पालघर जिल्हा १ ऑगस्ट २०१४ रोजीं ठाण्यापासून वेगळा झाला. परंतु बोईसर-तारापूर परिसराची कीर्ति त्याहून पुष्कळ जुनी आहे. १७३९ सालीं मराठ्यांनीं तारापूरचा किल्ला पोर्तुगीजांकडून घेतला. १९६९ सालीं तेथेंच देशांतील पहिलें अणुविद्युत्केंद्र सुरू झालें, आणि औद्योगिक वसाहतींत रसायनांचे व औषधांचे कारखाने उभे राहिले. रसायनशास्त्र घेऊन पदवीधर झालेल्या तेथील तरुणास कारखान्याची वाट घरासमोरच दिसते. त्याच विद्येची दुसरी वाट न्यायमंदिराकडे जाते, हें मात्र थोड्यांसच ठाऊक असतें.

ही वाट आजची नव्हे. विषप्रयोगाचा संशय आला म्हणजे सरकारी रसायन-परीक्षकाकडे नमुने धाडण्याची पद्धत एकोणिसाव्या शतकांतच पडली. मद्रासेंत असें कार्यालय १८४९ सालीं निघालें. पुढें कलकत्ता व मुंबई येथेंहि निघालीं. १८९७ सालीं बोटांच्या ठशांचें कार्यालय कलकत्त्यास स्थापन झालें. ठशांच्या वर्गीकरणामागें अझिझुल हक व हेमचंद्र बोस या दोघां भारतीयांचे परिश्रम होते. मुंबईची न्यायसहायक वैज्ञानिक प्रयोगशाळा १९५८ सालची.

या शास्त्राचें सामर्थ्य व मर्यादा दोन्ही एकाच खटल्यांत दिसून येतात. १२ नोव्हेंबर १९५६ च्या रात्रीं पुण्याच्या लक्ष्मीबाई कर्वे या विधवा बाई डॉ. अनंत लागू यांच्यासह आगगाडीनें मुंबईस निघाल्या. दुसऱ्या दिवशीं बेशुद्धावस्थेंतच रुग्णालयांत त्यांचा अंत झाला. शवपरीक्षा कांहीं दिवस उशिरानें झाली, आणि रसायन-परीक्षकास विष आढळलें नाहीं. तें आढळलें नाहीं, असेंच त्यानें लिहून दिलें. पुढें डॉक्टरानें बाईंची मालमत्ता हस्तगत केल्याचें, आणि त्या जिवंत आहेत असें भासविणारीं पत्रें धाडल्याचें उघड झालें. या परिस्थितिजन्य पुराव्यावर डिसेंबर १९५९ मध्यें सर्वोच्च न्यायालयानें बहुमतानें खुनाची शिक्षा कायम केली.

यांत परीक्षकाचा पराभव झाला असें कोणी म्हणेल, तर तें यथार्थ नव्हे. जें सांपडलें तेंच लिहावयाचें, संशयाची भर घालावयाची नाहीं, हाच या धंद्याचा धर्म होय. उरलेला पुरावा तोलणें हें न्यायाधीशाचें काम. शिवाय नमुना प्रयोगशाळेंत पोहोंचण्यापूर्वींच पुष्कळ कांहीं ठरून जातें. शरीरांतील अवयव मिठाच्या संपृक्त द्रावणाऐवजीं फॉर्मॅलिनमध्यें ठेवले, तर अनेक विषें ओळखणें दुर्घट होतें. बाटलीवरील मोहोर तुटली, तर अचूक परीक्षाहि संशयास्पद ठरते.

आज या विद्येची निकड वाढली आहे. १ जुलै २०२४ पासून अंमलांत आलेल्या नव्या फौजदारी संहितेनें सात वर्षें वा अधिक शिक्षेच्या गुन्ह्यांत तज्ज्ञानें घटनास्थळीं जाऊन पुरावा गोळा करावा, असें बंधन घातलें असून, तें पांच वर्षांच्या आंत लागूं करण्याची मुभा राज्यांस दिली आहे. या शास्त्राचें शिक्षण देणारी शासकीय संस्था मुंबईस २००९ सालीं निघाली. गांधीनगरचें राष्ट्रीय विद्यापीठ २०२० च्या कायद्यानें झालें. बोईसरच्या विद्यार्थ्यास मुंबई लोकलनें गांठतां येते.

मात्र चित्रपटांतील चमत्कार पाहून या मार्गास लागूं नये. येथें दिवस जातो तो बाटल्या, नोंदी व मोहोरा यांत. आणि वर्षांनंतर साक्षीच्या पिंजऱ्यांत वकिलाच्या उलटतपासणीस उत्तर द्यावें लागतें. कारखान्यांत मोजमाप चुकलें, तर बहुधा मालाची नासाडी होते. येथें तें चुकलें, तर निरपराधी माणूस तुरुंगांत जातो, किंवा मृताचा कैवार घेणारा कोणी उरत नाहीं. हा भार जाणून जो तरुण ही वाट धरील, त्याचीच या विद्येस गरज आहे.