राष्ट्रीय बास्केटबॉलची दुसरी श्रेणी : बसवनगुडीपासून कांतीरवापर्यंतचे अंतर

बंगळूरु शहराच्या दक्षिण भागातील बसवनगुडी ही एकोणिसाव्या शतकाच्या अखेरीस आखलेली जुनी वसाहत. तेथून काही किलोमीटर उत्तरेस श्री कांतीरवा क्रीडासंकुल आहे. नकाशावर हे अंतर थोडे असले, तरी वसाहतीतील क्लबच्या खेळाडूला राष्ट्रीय स्तरापर्यंत पोहोचण्यासाठी करावा लागणारा प्रवास बराच मोठा आहे. या प्रवासातील गाळलेली पायरी म्हणजे द्वितीय श्रेणीची राष्ट्रीय स्पर्धा.

सध्याची रचना

भारतात पुरुषांची पहिली राष्ट्रीय बास्केटबॉल स्पर्धा 1934 साली दिल्लीत झाली. भारतीय बास्केटबॉल महासंघाची स्थापना 1950 साली झाली. वरिष्ठ राष्ट्रीय स्पर्धेत राज्यांचे तसेच रेल्वे व सेनादलाचे संघ उतरतात. पूर्वीच्या कामगिरीनुसार त्यांची विभागणी 'स्तर एक' व 'स्तर दोन' अशी केली जाते. श्रेणीची कल्पना भारतीय बास्केटबॉलला अपरिचित नाही, हे यावरून स्पष्ट होते. मात्र ही स्पर्धा काही दिवसांतच संपते आणि ती राज्यसंघांची असते, क्लबांची नव्हे. परिणामी बहुसंख्य खेळाडूंना रेल्वे, बँका किंवा वीज मंडळे यांतील नोकरीचाच आधार शोधावा लागतो.

लीगचे प्रयत्न

2015 साली युनायटेड बास्केटबॉल अलायन्स ही व्यावसायिक लीग सुरू झाली. तीत बंगळूरु बीस्ट, पुणे पेशवाज, मुंबई चॅलेंजर्स आदी आठ संघ होते. 2017 नंतर ती थांबली. महासंघाच्या मान्यतेने 2022 साली इंडियन नॅशनल बास्केटबॉल लीगचा सहा शहरांच्या संघांसह प्रारंभ झाला. पहिल्या हंगामाचे विजेतेपद चेन्नई हीटने पटकावले. या प्रयत्नांत संघ शहरांच्या नावाने नव्याने उभारले गेले. स्थानिक क्लबाला खालून वर येण्याचा मार्ग त्यांत नव्हता.

श्रेणीचा लाभ

बढतीचे महत्त्व बंगळूरुने प्रत्यक्ष पाहिले आहे. जुलै 2017 मध्ये महिला आशिया चषकाच्या 'ब' विभागातील अंतिम सामन्यात भारताने कांतीरवा येथे कझाकस्तानवर 75-73 अशी मात केली आणि 'अ' विभागात प्रवेश मिळविला. पुण्याची शिरीन लिमये या संघात होती. 2019 साली त्याच शहरात भारतीय संघ जपान, चीन, ऑस्ट्रेलिया यांच्यासह 'अ' विभागात खेळला. तेथे एकही विजय मिळाला नाही, तरी बलाढ्य संघांशी झुंजण्याची संधी खालच्या विभागातील यशामुळेच मिळाली होती.

जपानचा धडा

जपानमध्ये दोन प्रतिस्पर्धी लीगच्या वादामुळे जागतिक महासंघाने 2014 साली त्या देशाला निलंबित केले होते. त्यानंतर दोन्ही लीगचे एकत्रीकरण होऊन 2016 मध्ये बी. लीग सुरू झाली. पहिल्या व दुसऱ्या श्रेणीत प्रत्येकी 18 क्लब होते. पुढे 2026-27 च्या हंगामापासून श्रेणी केवळ गुणतक्त्यावर न ठरविता उत्पन्न, प्रेक्षकसंख्या व क्रीडागृह या निकषांवर ठरविण्याचा निर्णय तेथे घेण्यात आला. पात्रतेइतकीच आर्थिक स्थैर्याचीही गरज असते, हा त्याचा अर्थ.

आवश्यक गोष्टी

भारतासारख्या विस्तीर्ण देशात दुसऱ्या श्रेणीपुढील प्रमुख अडचण प्रवासखर्चाची आहे. त्यामुळे साखळी सामने विभागवार घेणे सोयीचे ठरेल : महाराष्ट्र, गोवा व गुजरात यांचा एक गट, कर्नाटक व शेजारील राज्यांचा दुसरा. विभागविजेत्यांची अंतिम फेरी एकाच शहरात घेता येईल. पावसाळ्यात उघडी मैदाने निरुपयोगी ठरत असल्याने बंदिस्त क्रीडागृह, प्रशिक्षित पंच आणि वेळेवर मिळणारे मानधन या किमान अटी ठराव्यात. त्याचबरोबर बढती व पदावनतीचे नियम हंगामापूर्वीच जाहीर व्हावयास हवेत.

अशी श्रेणी नसेल, तर नोकरी न मिळालेला विशीतील गुणी खेळाडू महाविद्यालय संपताच मैदानापासून दुरावतो. बसवनगुडी असो वा पुण्याची एखादी पेठ, क्लबांपुढील खरा प्रश्न या वयोगटाला खेळात टिकवून धरण्याचा आहे.